‘व्हिज्युअल’ला बसण्यापूर्वी

बीएस्सी, डी.फार्म किंवा आयटीआय झालेली महाड-पोलादपूरची मुलंमुली नोकरीसाठी आधी महाडच्या एमआयडीसीत चौकशी करतात. तिथे रसायनं आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने जास्त. कुपीत इंजेक्शन भरून सील करण्याचं काम हवं असेल तर पुणे, तारापूर, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर गोव्यातलं वेर्णे गाठावं लागतं. अशा कारखान्यात नव्या माणसाला बऱ्याचदा ‘व्हिज्युअल’ला बसवतात. भरलेली प्रत्येक कुपी उजेडासमोर धरून पाहायची, हे तिथलं काम. आता त्या विभागात कॅमेऱ्यांची स्वयंचलित मशीन आली आहेत आणि नव्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो: मशीन सगळं बघणार असेल तर आपलं काम टिकेल का?

टिकेल, पण आहे तसं राहणार नाही. मशीनला जे दोष दाखवले आणि जे ते पकडतं हे सिद्ध करून घेतलं, तेवढ्यांचीच खात्री त्याच्याकडून मिळते. कुपीतला दोष नेमका कोणता, तो लाइनवर कुठे शिरला, आज रिजेक्शन अचानक का वाढलं, हे सांगणारा माणूस लागतोच. तो माणूस व्हायचं असेल तर काय शिकावं, ते इथे लिहितो आहे.

आधी हे काम आपल्या भागाच्या किती जवळचं आहे ते सांगतो. भातकापणीच्या दिवसांत उमरठ किंवा कुडपणसारख्या गावातून साप-विंचू चावलेला माणूस घाटरस्त्याने खाली आणायचा म्हणजे काय, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर आयुष्यभर जे संशोधन केलं ते महाडमध्येच. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची सुरुवात झाली, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनच्या गोळीला प्रतिविषाची जोड दिली तर विंचूदंशाचा रुग्ण लवकर सावरतो, हा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. गोळी तोंडाने घेता येते. प्रतिविष मात्र कुपीतून थेट शिरेत जातं. लोक ज्याला ‘सापाची लस’ म्हणतात तेही तसंच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष, बहुधा कोरड्या भुकटीच्या रूपात, १० मिली पाण्यात विरघळवून द्यायचं. एका रुग्णाला अशा आठ-दहा कुप्या सहज लागतात. त्यातल्या एकीला केसासारखी चीर असेल आणि तिच्यातून हवा आत गेली असेल, तर ते वॉर्डातल्या सिस्टरला रात्री दोन वाजता दिसेलच असं नाही. ते दिसायला हवं होतं कारखान्यात.

मशीन समजून घ्यायचं तर सुरुवात हाताच्या तपासणीपासून करा, कारण मशीनला मोजायची पट्टी तीच आहे. अमेरिकन फार्माकोपियाचा ७९० क्रमांकाचा अध्याय आणि युरोपीय फार्माकोपियाची पद्धत, दोन्हींत २००० ते ३७५० लक्स उजेड आणि पाच सेकंद काळ्या, पाच सेकंद पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहणं सांगितलं आहे. कुपी मानेशी धरून हलकेच गोल फिरवायची. जोरात हलवली तर बुडबुडे होतात आणि नवशिक्याला प्रत्येक बुडबुडा कण वाटतो. सोपी खूण अशी की बुडबुडा वर जातो, काच खाली बसते आणि धागा मध्येच वळवळत राहतो. काळ्यावर काच आणि धागे चमकतात, पांढऱ्यावर रबराचा किंवा जळका काळा ठिपका उठून दिसतो. म्हणून दोन्ही बाजू पाहायच्या. टार्गेट पुरं करायला पांढरी बाजू गाळली तर रबराचे कण हमखास निसटतात. तपकिरी कुपीला याहून खूप जास्त उजेड लागतो; आपल्या टेबलावर तो किती आहे हे लक्स मीटरने मोजून लॉगबुकात लिहिलेलं असतं. तो आकडा शिफ्टच्या सुरुवातीला स्वतः वाचा.

इतकं नीट करूनही माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहेत. स्वच्छ द्रावणात २०० मायक्रॉनचा कण प्रशिक्षित तपासनिसाला ९५ टक्क्यांहून जास्त वेळा सापडतो. १०० मायक्रॉनचा सुमारे ४० टक्के वेळा, आणि ५० मायक्रॉनचा जवळजवळ नाहीच. याचा अर्थ असा की तपासणी हा नशिबाचा नव्हे, पण शक्यतेचा खेळ आहे. ज्युलियस नॅप यांनी १९८० च्या सुमारास हीच शक्यता मोजायची रीत घालून दिली आणि ती आजही ‘नॅप टेस्ट’ म्हणून चालते. समजा दोष असलेली एक कुपी पाच तपासनिसांना प्रत्येकी दहा वेळा, चांगल्या कुप्यांत मिसळून दाखवली. ५० पैकी ४१ वेळा ती बाजूला काढली गेली तर तिची पकड ८२ टक्के. ७० टक्क्यांच्या वरची कुपी ‘रिजेक्ट झोन’मध्ये जाते, ३० ते ७० मधली करड्या पट्ट्यात आणि त्याखालची ‘ॲक्सेप्ट’मध्ये. मग तोच संच मशीनमधून तितक्याच वेळा जातो. रिजेक्ट झोनमधल्या कुप्या मशीनने माणसांइतक्या किंवा त्याहून जास्त पकडल्या तरच ते पास. युरोपच्या जीएमपीचं, म्हणजे औषध बनवण्याच्या नियमावलीचं, नवं ॲनेक्स १ हे २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं. त्यातही हेच आहे: स्वयंचलित तपासणी हाताच्या तपासणीइतकी किंवा सरस असल्याचं सिद्ध करा, आणि बॅच सुरू करण्याआधी व चालू असताना ठरावीक वेळाने नमुन्याच्या दोषांनी मशीनची परीक्षा घ्या. मुलाखतीत नॅपबद्दल विचारलं तर व्याख्या पाठ म्हणू नका, वरच्यासारखं उदाहरण करून सांगा. समोरच्याला लगेच कळतं की तुम्हाला समजलं आहे.

आता मशीनच्या आत काय होतं ते पाहू. कन्व्हेयरवरून आलेली कुपी स्टारव्हील उचलतं आणि फिरत्या चक्रावर ठेवतं. तिथे ती स्वतःभोवती जोरात गरगरते आणि एकदम थांबवली जाते. पेल्यातलं पाणी ढवळून चमचा काढला तरी पाणी फिरत राहतं, तसं इथे काच थांबते आणि द्रव फिरत राहतो. त्या क्षणभरात कॅमेरा एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि संगणक एका फोटोतून दुसरा वजा करतो. काचेवरचा ओरखडा, छापलेला आकडा, साच्याची रेघ हे सगळं जागच्या जागी असल्यामुळे वजाबाकीत उडून जातं. जे हललं तेवढंच उरतं, आणि तोच कण. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. पण तिच्या सगळ्या अडचणीही त्याच वाक्यात आहेत. बुडबुडाही हलतो, म्हणून तो कण समजून चांगली कुपी बाहेर फेकली जाते. जड काचकण बुडाच्या कोपऱ्यात बसला आणि फिरकी कमी पडली तर तो उठतच नाही. मग वजाबाकीत काहीच उरत नाही आणि कुपी पुढे जाते. त्यासाठी बुडाकडून उजेड टाकणारं वेगळं स्टेशन असतं. घट्ट द्रवाला, फेसाळणाऱ्या प्रथिनाच्या औषधाला, पाण्यासारख्या द्रावणाला फिरकीचा वेग, थांबण्याचा वेळ आणि फोटोची घडी निरनिराळी लागते. प्रत्येक औषधाची ‘रेसिपी’ म्हणतात ती हीच. एका औषधाची रेसिपी दुसऱ्याला चालवून पाहू, असं शिफ्टमध्ये कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

बाकीची स्टेशनं कणांपेक्षा सोपी असतात. द्रवाची पातळी, बूच तिरकं बसलं आहे का, ॲल्युमिनियमचं सील ढिलं आहे का, वरच्या टोपीचा रंग बरोबर आहे का, हे कॅमेरा माणसापेक्षा जास्त वेळ न थकता पाहतो. चिरेचं मात्र तसं नाही. केसासारखी चीर ठरावीक कोनातूनच चमकते, म्हणून कुपी पूर्ण फिरवून पाहावी लागते, आणि मानेजवळच्या सीलखालची चीर कॅमेऱ्यालाही हुलकावणी देते. वितळवून बंद केलेल्या अँप्यूलला ॲनेक्स १ प्रमाणे प्रत्येक नगाची गळतीची तपासणी लागते. पूर्वी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून निर्वात करायचे. आता उच्च दाबाची वीज अँप्यूलवरून फिरवतात आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी प्रवाह बदललेला कळतो.

वेगाचा हिशेब साधा आहे. दहा सेकंदांना एक म्हणजे माणूस तासाला फार तर ३६० कुप्या पाहणार, तेही डोळ्यांना विश्रांती न देता. आणि विश्रांती तर नियमानेच द्यायची आहे. मिनिटाला ३०० कुप्यांचं मशीन तासाला १८,००० पाहतं, म्हणजे पन्नास माणसांचं काम. मालकाला हा आकडा दिसतो. तुम्ही त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला शिका. एक लाख कुप्यांच्या बॅचमध्ये चुकीचं रिजेक्शन तीन टक्के असेल तर तीन हजार चांगल्या कुप्या बाहेर पडल्या. हा तोटा रोज संध्याकाळी रिपोर्टात दिसतो. उलट मशीनने एक काचकण सोडला तर तो कुठल्याच रिपोर्टात येत नाही. म्हणून सगळा दबाव एकाच दिशेने येतो: सेन्सिटिव्हिटी थोडी खाली घ्या. महिन्याच्या शेवटी, गाडी गेटवर उभी असताना, हा मोह कसा बोलतो ते मी ऐकलं आहे. त्या वेळी लक्षात ठेवायचं ते एवढंच की ती सेटिंग व्हॅलिडेशनमध्ये ठरलेली आहे. ती बदलायची तर चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर लेखी मंजुरी), पुन्हा चाचणी आणि क्यूएची, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाची, सही लागते. ऑपरेटरच्या पासवर्डने तिथे पोहोचता येत असेल तर तीच एक मोठी त्रुटी आहे आणि ती लेखी कळवा. दुसऱ्याच्या लॉगिनवर कधीही काम करू नका, स्वतःचं कुणाला देऊ नका. ऑडिट ट्रेलमध्ये वेळ, नाव आणि जुना-नवा आकडा सगळं उरतं.

रिजेक्ट झालेल्या कुप्या पुन्हापुन्हा मशीनमध्ये घालून ‘पास करून घेणं’ हाही त्याच मोहाचा दुसरा चेहरा. सुरुवातीच्या टक्केवारीवर परत जा: ज्या कुपीची पकड ७० टक्के आहे ती तीनदा फिरवली तर एकदा तरी निसटण्याची शक्यता जवळजवळ दोन-तृतीयांश होते. म्हणून पुनर्तपासणी कोणत्या गटाची, किती वेळा आणि कोणी करायची हे एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, लिहिलेलं असतं, आणि चीर किंवा काचकण असलेल्या कुपीला दुसरी संधी नसते.

या खात्यात सगळ्यात जास्त शिकवणारी जागा म्हणजे रिजेक्टचा ट्रे. बहुतेक जण तो मोजून, रिकन्सिलिएशनचा आकडा जुळवून मोकळे होतात. तुम्ही तो वाचा. एक कुपी घ्या, मोठ्या भिंगाखाली फिरवा. पांढरा, दोन्ही टोकांना विसकटलेला धागा असेल तर तो कपड्याचा किंवा पुसण्याच्या फडक्याचा असू शकतो. भरणीच्या खोलीत कोण काय घालून गेलं हे विचारावं लागेल. काळा, कडा फाटलेला, दाबला तर वाकेल असा तुकडा बुचाचा असू शकतो. बूच भरणाऱ्या वाटीत घर्षण वाढलं का ते पाहायला लावा. पातळ, अभ्रकासारखी चकाकणारी पापुद्री दिसली तर थांबा आणि लगेच सुपरवायझरला बोलवा, कारण ती कुपीच्या आतल्या काचेचा थर सुटल्याची खूण असू शकते, आणि तो प्रश्न एका कुपीचा नसून काचेच्या साऱ्या लॉटचा असतो. अँप्यूलच्या टोकाशी काळसर डाग म्हणजे ज्योतीत औषध जळलं, सुई वर येताना ठिबकली. असं प्रत्येक दोषाला लाइनवरचा पत्ता असतो. दोष आणि पत्ता जोडता येणारी व्यक्ती दोन वर्षांत तपासनीस राहत नाही, तिला बॅचच्या चौकशीत बसवतात.

दोषांचा नमुना-संच, ज्याला ‘डिफेक्ट किट’ म्हणतात, त्याच्याशी दोस्ती करा. तो जुना होतो: कण बुचाला चिकटतो, द्रव गढूळतो, चीर वाढते. मशीनने सकाळच्या चाचणीत किटमधली कुपी सोडली तर दरवेळी मशीन बिघडलेलं नसतं, कधी किटमधला कणच जागेवर राहिलेला नसतो. आधी ती कुपी हाताने पाहा, मग शेरा लिहा. पण बॅच मात्र तोवर थांबलेली असली पाहिजे.

भुकटीच्या इंजेक्शनांत, म्हणजे आपल्या सापाच्या लसीसारख्या ‘लायो’ कुप्यांत, मशीनची खरी परीक्षा असते. गोठवून सुकवलेल्या औषधाची वडी कुपीत बसते आणि तिचा बाहेरचा पृष्ठभागच तेवढा दिसतो. फिरवून-थांबवून वजाबाकी करायची युक्ती इथे चालत नाही, कारण हलायला द्रवच नाही. वडी खचली, वितळून काचेला चिकटली, तिच्यात काळा ठिपका आहे, हे कॅमेरा सांगेल. पोटात दडलेला धागा सांगणार नाही. शिवाय सुकताना मानेकडे उडालेली भुकटी कॅमेऱ्याला कधी चिरेसारखी, कधी घाणीसारखी दिसते आणि चांगल्या कुप्या ढिगाने बाहेर पडतात. म्हणून अशा बॅचमधल्या काही कुप्या उघडून, पाण्यात विरघळवून पाहाव्या लागतात. ते काम माणसाचंच आहे.

एआयवाल्या मशीनची चर्चा आता प्रत्येक प्रदर्शनात असते. भुकटी आणि चीर यांतला फरक ओळखण्यासाठी ती खरोखर उपयोगी आहेत. पण त्यांना शिकवायला हजारो फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोवर ‘हा दोष, हा नाही’ असा शिक्का मारणारा जाणकार डोळा लागतो. शिक्का चुकला तर मशीन ती चूक मनापासून शिकतं. जुलै २०२५ मध्ये युरोपने या विषयावर ॲनेक्स २२ चा मसुदा काढला. त्याचा रोख असा की औषधाच्या गुणवत्तेशी थेट संबंध असलेल्या कामात शिकून झालेलं, गोठवलेलं मॉडेलच वापरावं, चालू बॅचमध्ये स्वतःहून बदलत जाणारं नको. मला हे पूर्ण पटतं.

आपल्याकडे औषध कारखान्यांच्या नियमांची, म्हणजे सुधारित शेड्यूल एमची, अधिसूचना २८ डिसेंबर २०२३ ची आहे. मोठ्या कारखान्यांना सहा महिने मिळाले आणि अर्ज केलेल्या लहान-मध्यम कारखान्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. त्यामुळे लहान कारखान्यांतही आता व्हॅलिडेशनची भाषा समजणारी माणसं हवी आहेत. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी हे क्षेत्र फक्त फार्मसीवाल्यांचं समजू नये. कॅमेरा, उजेड आणि सेन्सर कळणाऱ्याला इथे जागा आहे. नोकरीला जाताना डोळ्यांची तपासणी करून घ्या, रंगांधळेपणाचीही. चष्मा लागत असेल तर लपवू नका. चष्मा लावून काम करता येतं, पण नंबर लपवून केलेल्या तपासणीच्या बॅचेस संशयात येतात. डोळ्यांची चाचणी दरवर्षी होतेच. रुजू झाल्यावर विश्रांतीचा नियम काय आहे हे पहिल्याच दिवशी विचारा आणि ती विश्रांती घ्या.

कॅमेऱ्याला जे कधीच दिसणार नाही तेही माहीत असू द्या. जंतू दिसत नाहीत. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती, ५३-एन क्रमांकाच्या, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत भरलेल्या. ती लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो धुवून निघायला १९०७ साल उजाडलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे तेव्हा मान्य झालं. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

कुपी उघडण्याच्या क्षणी मशीन जवळ नसतं, म्हणून शेवटची तपासणी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या आणि औषध दुकानदाराच्या हातात असते, आणि हा भाग त्यांच्यासाठी. कुपी उघडण्यापूर्वी खिडकीकडे किंवा दिव्याकडे धरून सावकाश उलटी करा. मागे आधी पांढरा कागद, मग काहीतरी गडद धरा. सील जागेवर आहे का, बुडाशी चीर आहे का पाहा. भुकटीत पाणी घातल्यावर हलवून फेस करू नका, तळहातात हलकेच फिरवा आणि पूर्ण विरघळून स्वच्छ झाल्यावरच सिरिंजमध्ये घ्या. पुराचं पाणी लागलेला माल, पॅकिंग कितीही कोरडं वाटलं तरी, विकायचा किंवा वापरायचा नाही. २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हाचा चिखल आठवून पाहा. तो सीलच्या कडेखाली शिरलेला दिसत नाही.

संशयित कुपी सापडली तर ती फेकू नका, धुऊ नका, उघडली नसेल तर उघडू नका. खोक्यासकट वेगळी ठेवा, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्या, मोबाइलवर दोन्ही पार्श्वभूमींवर फोटो काढा. त्याच बॅचच्या उरलेल्या कुप्या कपाटात बाजूला काढा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. रुग्णाला त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. कारखान्यापर्यंत ती कुपी परत पोहोचली की तपासणी विभागातलं कुणीतरी ती भिंगाखाली धरेल आणि त्या बॅचचे जपून ठेवलेले नमुने कपाटातून काढून पुन्हा एकेक पाहायला बसेल.